पुढ्यातली बाजू

माझा भाऊ नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन उंब्रजला परत आला, शेतात ऊस लावला आणि घरात कायदा लावला. त्यातलं एक कलम आमच्या आईवडिलांपासून चालत आलेलं: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घास खायचा नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आईवडिलांना ते फारसं जड गेलं नाही. माझ्या लग्नाला वर्ष होतंय तोवर मी त्यांची सोय करून टाकली होती.

दादाच्या एकुलत्या एका लेकीला, दीपमालाला, मूल झालं नाही. मग दादा-वहिनी सांगलीला जायचे ते असे: तिच्या फाटकाबाहेर चिंचेखाली जीप उभी करायची, घरून बांधून आणलेली भाकरी गाडीतच खायची, बाटलीतलं पाणी प्यायचं, तोंड पुसायचं आणि मग आत जायचं. आत बसून गप्पा रंगायच्या. जावयाची चौकशी व्हायची, शिलाई मशीन बिघडलं असेल तर दादा ते उघडून दुरुस्त करायचा. फक्त पुढ्यात काही यायचं नाही. दीपा खिडकीतून जीपकडे बघायची. वहिनी घराकडे पाठ करून जेवायची. त्या दोघींचं ते बघणं आणि न बघणं मी एकदा गाडीत मागं बसून पाहिलंय. त्या दिवशी मी हातातली भाकरी परत फडक्यात बांधली.

जावई जयराज स्वयंपाकी. मोरोक्को देशात मराकेश म्हणून शहर आहे, तिथल्या हॉटेलात त्यानं काही वर्षं काढली. दीपाही बरोबर होती. शेजारच्या बायकांत बसून ती त्यांची भाषा थोडी आणि रांधणं पुष्कळ शिकली. परत आल्यावर दोघांनी सांगलीत तिकडच्या जेवणाचं हॉटेल काढलं. वर राहायचं, खाली हॉटेल. लोक आधी मातीच्या भांड्यावरच्या उंच टोपीखाली काय असतं ते बघायला आले, मग चव लागली म्हणून येत राहिले.

यंदा तिचा मला साताऱ्याला फोन आला. मिरजेच्या दवाखान्यांचे हेलपाटे आम्ही बंद केलेत, म्हणाली. आता काही व्हायचं नाही, आणि आम्ही दोघं तसे बरे आहोत. फक्त ते गाडीतलं जेवण आता बघवत नाही. माझ्या आबांना एकदा घेऊन ये. ह्या वेळीही जेवले नाहीत तर मी परत कधी बोलावणार नाही. हे सगळं ती इतकं शांतपणे बोलली की मला फोन खाली ठेवता येईना.

मी दादाला गाठलं. म्हटलं, हॉटेल म्हणजे काही घर नव्हे. त्यानं मिशीवरून हात फिरवला. त्याच्या कायद्यात हॉटेलाचा उल्लेख नव्हता. "हॉटेलात खातो की," म्हणाला. "पैसं टाकायचं, खायाचं, निघायचं." मला वाटलं, जिंकले.

मी एक गोष्ट विसरले होते, ती म्हणजे वार.

आम्ही तिघं सांगलीला पोचून हॉटेलात शिरलो तर एक सोडून बाकीच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या. दादा दारातच थांबला.

"गिऱ्हाईक कुठं हाईत?"

"सोमवारी बंद असतं, आबा," दीपा म्हणाली. "आज तुमच्यासाठीच उघडलंय."

माझी सगळी युक्ती उंबऱ्यावरच आडवी झाली. परेडला एखादा शिपाई बूट न घालता आला तर कसं बघत असेल, तसं दादानं माझ्याकडे बघितलं. पण तो माघारी फिरला नाही. आत गेला आणि बुटक्या गोल टेबलापाशी गादीवर मांडी घालून बसला. पाठ ताठ. वहिनी शेजारी बसली. पाण्याची बाटली असलेली पिशवी तिनं मांडीवर घेतली आणि चेनवर हात ठेवला.

वर पितळी दिवा टांगला होता. त्याला जागोजाग भोकं पाडलेली. त्यातून उजेड भिंतींवर असा सांडला होता की जणू कुणी आख्ख्या खोलीवर लाह्या उधळल्यात. आमच्या लुगड्यांवर, दादाच्या टोपीवर, सगळीकडे उजेडाच्या लाह्या. मी मान वर करून बघतच राहिले. अशा खोलीत बसायची सवय नसली की माणूस आपोआप हळू बोलायला लागतं.

दीपा किटली आणि घंगाळ्यासारखं भांडं घेऊन आली आणि एकेकाच्या हातावर कोमट पाणी घालत गेली. दादानं हात पुढं केले. हात धुणं कलमात बसत नव्हतं. मग तिनं ओंजळीत संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. कुणाचं लक्ष नाही असं बघून दादानं बोटं नाकाशी नेली. माझं लक्ष होतं.

मग छोट्या छोट्या बशा यायला लागल्या. निळ्या नक्षीच्या, तळहाताएवढ्या. जिरं-लिंबू लावलेलं गाजर. बीट. लसणीत परतून ठेचलेलं वांगं, आपल्या भरताचा लांबचा भाऊ. ऑलिव्हची हिरवी फळं. छोले. आणि एका बशीत तांबूस होईपर्यंत परतलेला कांदा, वर दालचिनी, त्यात टम्म फुगलेले बेदाणे. बेदाणे तासगावचे, जयराजनं सांगितलं. मधोमध मातीचं भांडं आलं, डोक्यावर उंच टोपी. दीपानं टोपी उचलली आणि वाफेचा एक खांब सरळ दिव्यापर्यंत गेला. खाली भोपळा, बटाटा, गाजर, सगळं उभं रचलेलं, हळदीनं पिवळंजर्द. देवळात पडदा बाजूला झाल्यावर क्षणभर होतं, तसं झालं.

जयराजनं जाड, गोल रोटीचे तुकडे वाटले. दादाचा तुकडा त्याच्यासमोर लाकडावरच ठेवला. दादानं उजवा हात उचलून तयार ठेवला होता. ताट आलं की त्यावर आडवा धरायचा आणि 'आमचं झालंय' म्हणायचं. नको म्हणायची आमच्याकडची रीत ती. पण ताट येईना. हात तसाच हवेत.

शेवटी त्यानंच विचारलं, "माझं ताट?"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मला हसू आलं ते मी गाजराबरोबर गिळलं.

"ताट नसतं इथं, आबा," दीपा म्हणाली. "मधलं सगळ्यांचं. ज्याच्या त्याच्या पुढ्यातली बाजू ज्याची त्याची. दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा न्हाई."

दादानं भांड्याकडे बघितलं. बांधाची भांडणं सोडवायला गावात त्यालाच बोलावतात. तसाच तो बघत होता, कुठून कुठपर्यंत कुणाचं. हात मात्र त्यानं मांडीवर परत ठेवला. नको म्हणायला ताट लागतं आणि हो म्हणायला तो तयार नव्हता. आम्हीही रोटी हातात धरून बसलो. वाफ कमी व्हायला लागली.

तेव्हा दीपा बोलली. आवाज न चढवता.

"आबा, मूल होणार न्हाई. आमी आता थांबलोय. तुमी कवापर्यंत गाडीत जेवणार?"

वहिनीचा हात चेनवरून सुटला. जयराजनं खाली बघितलं. दादा भिंतीवरच्या उजेडाच्या ठिपक्यांकडे बघत होता. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तो इतकी वर्षं वाट बघत होता. आम्ही समजत होतो, तो रीत पाळतोय. तो गाडीत बसून नातवाची वाट बघत होता.

मग त्यानं रोटीचा तुकडा मोडला. रोटी त्यानं कांद्या-बेदाण्याच्या बशीत बुडवली, आपल्या बाजूनं, आणि उचललेलं सगळं पलीकडं, दीपाच्या बाजूला नेऊन ठेवलं.

"खा," म्हणाला. "वाळलीयास लय."

तिनं खाल्लं. डोळे भरून आलेले तसेच. मग मातीच्या भांड्यात आपल्या बाजूचा भोपळ्याचा तुकडा तिनं रोटीनं हळूच ढकलला, गाजराला वळसा घालून, दादाच्या पुढ्यात. मराकेशच्या बायका असंच करतात, असं तिनं नंतर मला सांगितलं. आपल्या बाजूचं चांगलं ते पाव्हण्याच्या बाजूला सारायचं आणि काही बोलायचं नाही.

दादा त्या भोपळ्याकडे बघत बसला. मग बोटानं भांड्याच्या काठावर एक रेघ ओढली.

"ही बाजू माझी?"

"तुमचीच."

"हितनं हितपत्तोर?"

"व्हय, आबा."

"मग तुझ्या घरचं न्हाई खाल्लं म्या," दादा म्हणाला आणि तुकडा तोंडात घातला.

"न्हाई खाल्लं," दीपा म्हणाली. वहिनीनं मान डोलावली, जयराजनं डोलावली. मीही गंभीरपणे डोलावली. एवढी एकमुखी पंचायत उंब्रजात कधी झाली नसेल.

मग तो जेवला. सावकाश, बांध न ओलांडता, आपली बाजू मातीपर्यंत पुसून. वांग्यात लसूण जास्त झाली म्हणाला. बेदाणा कुणाकडनं घेता ते विचारलं. त्याच्या मिशीला हळद लागली होती आणि टोपीवर उजेडाच्या लाह्या होत्या. माझा हा भाऊ साठ वर्षांचा होईपर्यंत मी पाहिला आणि तरी त्या दुपारी पहिल्यांदाच पाहते आहे असं वाटलं.

शेवटी त्याला ठसका लागला. वहिनीनं सवयीनं पिशवीची चेन उघडली, बाटली अर्धी बाहेर काढली. दादानं तिच्याकडे बघितलं. मग दीपाकडे. पाण्याला बाजू नव्हती, तिथं रेघ ओढता येत नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

"पानी दे गं, दीपा," तो म्हणाला.

ती उठून आत गेली. वहिनीनं बाटली परत पिशवीत घातली आणि चेन लावली. दीपा तांब्या-भांडं घेऊन आली आणि भांडं काठोकाठ भरून पुढं केलं. दादानं टोपी काढून शेजारी ठेवली, भांडं दोन्ही हातांनी घेतलं आणि थांबत थांबत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.