तिसऱ्या दिवसापर्यंत

जैनबबीनं गरम पाण्याची बादली आत न्यायला उचलली, तेव्हा मी न्हाणीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला टेकवून.

"रौशन, उठ," ती म्हणाली. "मय्यतीले वाट पाह्यले लावत नाईत, बेटी."

मी म्हटलं, आत जाता येणार नाही. फरशीच्या दरजा ओल्या आहेत.

पुसदमध्ये आमच्या मोहल्ल्यात कुठलीही बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला जैनबबीलाच बोलावत. इतक्या वर्षांत असं उत्तर तिला कोणी दिलं नसावं. तिनं बादली खाली ठेवली. पाण्यावर बोरीचा पाला तरंगत होता.

अम्मी त्याच दिवशी, गुरुवारी पहाटे गेली. चुलीपुढे बसली होती. छातीला हात लावून पाणी मागितलं आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्या संध्याकाळी तिनं आमच्या न्हाणीच्या फरशीतल्या शेवटच्या दरजेत सिमेंट दाबलं होतं. वर ओली गोणपाटं अंथरली आणि मला बजावलं, "सकाळ-संध्याकाळ पानी शिंपडजो. तिसऱ्या दिवसापर्यंत कोनाले पाय ठेवू देऊ नोको. तुह्या बापाले बी."

माझे अब्बा शब्बीर मिस्त्री, गवंडी. अम्मी त्यांच्या हाताखाली. कामावर तिला रेजा म्हणत, म्हणजे घमेली वाहणारी बाई. घमेली ती वाहायचीच. पण फरशी बसवून झाली की अब्बा बाजूला होत आणि ती गुडघ्यांवर बसे. दोन फरश्यांमधली जागा तिची होती. मोडक्या छत्रीच्या काडीनं ती जुनी, भेगाळलेली दरज खरवडून काढी, बोटाच्या एका पेराइतकी खोल. धुऊन काढी, ओली करी, मग चाळलेल्या रेतीतलं सिमेंट अंगठ्यानं दाबत जाई. वरून लेप फासणाऱ्यांचा तिला राग होता. ती म्हणे, असलं काम म्हणजे तोंडाले पावडर. पाणी मधून शिरत नाही, भिंत आणि फरशी जिथं भेटतात त्या कोपऱ्यातून शिरतं, म्हणून तिथं ती गोलाई काढी, जणू ताटलीची कड. सिमेंटनं तिचा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता की रेशन कार्डाच्या कागदावर त्याचा नुसता काळा ठिपका उमटला. मग मी तिला सही शिकवली.

मोहल्ल्यात आणि गावात मात्र म्हणत, शब्बीर मिस्त्रीच्या दरजा कधी गळत नाहीत.

एकसष्ट साली किसनरावांच्या नव्या घरातली न्हाणी गळू लागली. किसनराव कापूस-तुरीचे मोठे शेतकरी. बाहेरगावच्या ठेकेदाराकडून त्यांनी चिनी मातीच्या पांढऱ्या फरश्या बसवून घेतल्या होत्या आणि त्या बघायला गल्लीतले लोक येऊन गेले होते. वर्षाच्या आत दरजा तडकल्या. पाणी भिंतीतून पलीकडच्या कोठीत उतरलं आणि बियाण्यासाठी ठेवलेल्या तुरीला पोत्यातच मोड आले. तेव्हा अब्बांना बोलावणं आलं. मी त्या वर्षी मॅट्रिकच्या सुटीत होते, अम्मीचा डबा घेऊन जायची, म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे.

अम्मीनं दोन दिवस दरजा खोदल्या, एक दिवस भरल्या आणि मग न्हाणीच्या दारात बसून राहिली. घरात अकरा माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द किसनराव खांद्यावर पंचा टाकून आले. त्यांना तहसिलीत तारखेला जायचं होतं. अम्मी डोक्यावरचा पदर सारखा करत उठली, पण दारातून हलली नाही.

"मालक, आज विहिरीवर आंग धुवा."

"माह्या घरात मलेच बंदी?"

"तीन दिवस ही न्हाणी माही हाय," अम्मी म्हणाली. "मंग जलमभर तुमची."

किसनरावांनी पंचा सावरला. आतून त्यांच्या पत्नीचं, विमलताईंचं हसू ऐकू आलं. ते विहिरीवर गेले. त्यांच्यामागे सगळं घर गेलं, आणि विमलताई दुपारभर अम्मीजवळ दारातच तांदूळ निवडत बसल्या.

चौथ्या दिवशी अम्मीनं मोरीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला, न्हाणीत चार बोटं पाणी भरलं आणि पाण्याच्या काठाला लागून भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेलाच होतं. किसनरावांनी अंगणात चार माणसांसमोर अब्बांच्या पाठीवर थाप मारली. हात असावा तर असा, म्हणाले. अब्बांनी मान खाली घातली. अम्मी घमेलं धूत होती.

परतताना मी तिला विचारलं, हे काम तुझं आहे असं अब्बा सांगत का नाहीत. मला फार राग आला होता. तिला तेवढा आलेला दिसला नाही.

"सांगंल तो," ती म्हणाली. "त्याले येळ लागते. सिमिटापरीस जास्त लागते."

त्यानंतर सहा वर्षं गेली. मी शिक्षिका झाले. अम्मीनं गावातल्या किती न्हाण्या भरल्या, मला माहीत नाही. आमची स्वतःची मात्र तशीच राहिली. शहाबादी फरशी, मधल्या दरजा उघड्या, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल. आज करू, दिवाळीनंतर करू. शेवटी बुधवारी ती कुठल्याच कामावर गेली नाही आणि आमची न्हाणी संपवली.

आणि आता मी तिथं बसले होते.

जैनबबी रागावली नाही, हेच अवघड होतं. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, अंगणात आंघोळ घालायची तर चादरी धरता येतील, पण शेजारच्या माडीची खिडकी वरून थेट अंगणात पाहते. "तुह्या मायनं हयातभर डोक्यावरचा पदर ढळू देला नाई. आता उघड्यावर घालू तिले?"

न्हाणीला भिंती होत्या, छप्पर होतं, पाणी वाहून जायला मोरी होती. सगळं जैनबबीच्या बाजूनं होतं. माझ्या बाजूनं चार ओली गोणपाटं होती. बादल्यांचं पाणी, मय्यत ठेवायच्या तख्त्याचे पाय, पाच बायकांचे पाय, आणि गोलाई फुटली असती. मी उठले नाही.

ओसरीतून कय्युममामांचा आवाज आला. बुकं वाचून वाचून पोरीचं डोकं फिरलं, सख्ख्या मायपेक्षा फरशी मोठी झाली. कोणीतरी जाऊन तिला उचला. कोणी आलं नाही, तेव्हा ते अब्बांना म्हणाले, तुमची लेक आहे, तुम्ही उठवा.

अब्बा आत आले. बायकांनी वाट दिली. ते माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावरून आत पाहिलं, गोणपाटाची एक कड दुमडली होती तिथं त्यांची नजर थांबली. मी चौकट घट्ट धरली. त्यांनी हात लावला असता तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

ते वळले आणि ओसरीतल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"तिचं काम हाय. ओलं हाय अजून." मग थोडं थांबून, "गावात माह्या नावानं जेवढ्या दरजा हायेत, त्या तिच्या हायेत. माही एक बी नाई. पोरीले बसू द्या."

कय्युममामांनी खाली पाहिलं.

विमलताई बातमी ऐकून आल्या होत्या आणि इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या जैनबबीला म्हणाल्या, "त्या खिडकीचं माह्यावर सोड." त्यांनी पदर खोचला आणि शेजारच्या घरात शिरल्या. थोड्या वेळानं मी वर पाहिलं तर माडीच्या खिडकीत त्यांची पाठ दिसली. खिडकी पूर्ण भरेल अशी ती पाठ होती. आंघोळ होईपर्यंत ती हलली नाही.

चादरी धरल्या गेल्या. मी न्हाणीला बाहेरून कडी घातली आणि अंगणात आले. जैनबबी सांगेल तसं मी पाणी ओतलं. उजव्या हातावर ओतताना तो गुळगुळीत अंगठा माझ्या तळव्यात आला. त्याच्या नखाखाली सिमेंट होतं. जैनबबी म्हणाली, काडीनं काढ. मी काढलं. अंगणातलं पाणी सारवलेल्या मातीवरून बोरीचा पाला घेऊन दारापर्यंत गेलं.

दुपारच्या नमाजनंतर तिला नेलं. माणसं परतायच्या आत मी गोणपाटांवर पाणी शिंपडलं.

शुक्रवारी दोनदा शिंपडलं. शनिवारी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, कुराण वाचलं गेलं, पाहुणे जेवून गेले. तिन्ही दिवस सगळे मागच्या गल्लीतल्या नळावर आंघोळीला जात होते, कय्युममामासुद्धा. संध्याकाळी मी गोणपाटं उचलली. मोरीत बोळा कोंबला, चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर कोळशानं रेघ ओढली.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा अब्बा आधीच तिथं होते. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची वडी, उंबऱ्याच्या बाहेर उभे. पाणी रेघेला टेकलेलं होतं. तळाशी दरजा सरळ दिसत होत्या, आणि कोपऱ्यात, जिथं तिनं शेवटचं दाबलं होतं, तिथं अंगठ्याएवढा एक खळगा.

अब्बा तिच्या अंगठ्याच्या त्या खळग्याकडे पाहत होते.

"जाऊ?" त्यांनी विचारलं. मला विचारलं नव्हतं.

मी वाकून बोळा काढला.