सहा नंबरचं जाळं

मी जाळं बोलतोय. पक्षी पकडायचं जाळं. नमस्कार घालणार नाही. तुमच्याविषयी मला फारसं प्रेम नाही, आणि तुम्हाला माझ्याविषयी वाटावं असंही माझ्यात काही नाही.

माझा जन्म कारखान्यातला. केसाइतका बारीक काळा धागा, बारा मीटर लांबी, पाच आडव्या दोऱ्या आणि त्यांच्यामध्ये सैल सोडलेले चार खण. तपासणीवरच्या बाईंनी मला उजेडात धरलं, माझ्यातून आरपार पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसत नाहीये. म्हणजे चांगलं झालंय." आयुष्यात माझी झालेली स्तुती ती एवढीच.

तिथून मी तळ्याकाठच्या पक्षिकेंद्रात आलो. ते चालवणाऱ्या बाई करड्या स्वभावाच्या. दोन काठ्यांमध्ये मला ताणायचं, पक्षी आपटून खणात पडला की अलगद सोडवायचा, कापडी पिशवीत घालून टेबलाशी न्यायचा. वजन करायचं, पंख मोजायचा, पायात नंबराची हलकी कडी चढवायची आणि सोडून द्यायचा. पुढे कधी तो पुन्हा सापडला, तर किती जगला आणि कुठवर गेला हे कळतं. दर वीस मिनिटांनी प्रत्येक जाळ्याशी फेरी. ऊन चढलं की जाळी गुंडाळून फडक्याने बांधायची आणि जाळं बंद असल्याची खूण म्हणून काठीवर लाल चिंधी लावायची. अकरा उन्हाळ्यांत बाईंच्या जाळ्यात एकही पक्षी दगावला नव्हता. मला त्या आवडत नसत, पण त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही.

मग त्यांच्या दिरांच्या डोक्यात उन्हाळी शिबिराचं खूळ शिरलं. 'सहकुटुंब या, पक्ष्यांची मजा लुटा! प्रत्येक मुलाच्या हातात एक पक्षी!' असे कागद त्यांनी गावभर चिकटवले.

"भाऊजी, पक्षी काय फुगे आहेत वाटायला?" बाईंनी विचारलं.

"वहिनी, माणसं आली नाहीत तर हे केंद्र बंद पडेल. तुमच्या आठ्या बघायला कोण येणार?"

त्या दिवसापासून दोघांमध्ये विस्तव जाईना. एक ते तीन जाळी बाईंची, चार ते सहा दिरांची. मी सहा नंबरचा.

आणि माणसं आली! पोपटी सदरे घालून, करकरणारे बूट घालून, पक्ष्यांना हाका मारत. एका बापाने हातभर लांब कॅमेरा आणला होता आणि त्याचं झाकण काढायला विसरला होता. एक आई दर पाच मिनिटांनी विचारायची, "हा चावतो का?" टेबलाशी ही रांग. ज्याच्या तळहातातून पक्षी उडायचा तो टाळ्या वाजवायचा आणि लगेच खाऊची पिशवी उघडायचा. कुठल्या दिशेने उडाला हे कोणी बघितलं असेल तर शपथ. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी पकडतो म्हणून मला शिव्या आणि यांच्या मजेला मात्र पक्षीप्रेम म्हणायचं!

ऊन चढायला लागलं तसे दीर मला मिटायला आले. माझ्या पाचही दोऱ्या त्यांनी एकत्र ओढल्या, मला गुंडाळलं, काठीवर लाल चिंधी लावली. फडकं खिशातून काढणार, तोच टेबलाकडून कोणी ओरडलं, "दादा, फोटोला या ना!" ते गेले. फडकं त्यांच्या खिशातच राहिलं.

बाईंनी लांबून चिंधी पाहिली. स्वतःच्या तिन्ही जाळ्यांच्या गाठींना त्यांनी हात लावून खात्री केली. माझ्याकडे आल्या नाहीत. माझ्याकडे यायचं म्हणजे दिरांचं काम तपासायचं, आणि त्यावरून पुन्हा शब्दाला शब्द वाढायचा. "सहा बांधलं का?" एवढं विचारायला त्यांची जीभ रेटली नाही.

वारा सुटला. मी आपोआप उलगडलो. मला कोणी विचारलं नाही आणि मला तोंड नाही.

मग ती आली. बुलबुलाची मादी, चोचीत अळी. सरळ माझ्या दुसऱ्या खणात. ती जितकी धडपडली तितका मी तिच्या पंखाभोवती, मानेभोवती आवळत गेलो. मला सोडता येत नाही. मला तसं बनवलेलंच नाही. ऊन तिच्यावर पडत होतं आणि सावली द्यायची म्हटली तर माझ्या अंगात आहेत ती नुसती भोकं.

तिचा नर माझ्या काठीवर येऊन ओरडू लागला. तो दिसला एका नऊ वर्षांच्या मुलीला. रांगेत तिचा नंबर हुकला म्हणून ती रुसून, आईची दुर्बीण घेऊन लांब बसली होती. ती बाईंकडे गेली. "मॅडम, तो बुलबुल तोंडात अळी धरून मघापासून काठीवर नुसता ओरडतोय. खात पण नाही, जात पण नाही."

"कुठल्या काठीवर?"

"त्या शेवटच्या, लाल चिंधीच्या."

बाई धावत सुटल्या. अकरा वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. येता येता कात्री काढली आणि मला सरळ कापलं. कापा, मी म्हणत होतो, हवं तेवढं कापा. मादी त्यांच्या ओंजळीत आली, सावलीत गेली, चोचीला पाण्याचा थेंब लागला. तिची मान एकदा वर झाली आणि पडली.

बाईंनी पोटावर हलकी फुंकर मारली. अंडी-पिल्लांना ऊब देणाऱ्या मादीची गळतात तशी पिसं गळून तिथली कातडी उघडी पडली होती. "पिल्लं आहेत हिची," त्या म्हणाल्या.

"त्यांना आता कोण भरवणार?" मुलीने विचारलं.

"बाप आहे. एकट्याने जमेल तेवढं करील."

टाळ्या थांबल्या होत्या. लोक मुलांना घेऊन काढता पाय घेऊ लागले. दीर टेबलाशी उभे होते, खिशातलं फडकं मुठीत आवळून. बाईंनी नोंदवही उघडली.

महिन्याभरात पहिल्यांदाच दीर थेट बाईंशी बोलले. "वहिनी, कारणाच्या रकान्यात वारा लिहा. खोटं नाहीये ते. माझं नाव लागलं तर शिबिराची परवानगी जाईल."

"तुमचं नाव नाही लिहीत," बाई म्हणाल्या. लिहून झाल्यावर वही त्यांच्याकडे वळवली. दिरांनी ते हळू आवाजात वाचलं, म्हणून मला कळलं. 'सहा नंबर. बुलबुल, मादी. कारण: आम्ही दोघं बोलत नव्हतो.'

परवानगी गेलीच. ती मुलगी मात्र आईला घेऊन रोज येत राहिली. लांब बसून त्या नराच्या खेपा मोजायची. तीन पिल्लांपैकी दोन उडाली. तिसऱ्याचं तिला विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

बाईंनी माझं भोक शिवलं. शिवलेला भाग जाड झालाय, उन्हात दिसतो. पक्षी तिथून वळतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

बाई आणि दिरांत प्रेमबिम काही उपजलेलं नाही. जेवणावरून भांडतात, कड्यांच्या डबीवरून भांडतात. पण जाळी मिटायच्या वेळी तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज घुमतो.

"भाऊजी, सहा बांधलं का?"

"बांधलं!"

"गाठीला हात लावून बघा!"

"बघितलं हो! किती वेळा सांगू?"

सांगा, शंभरदा सांगा. एकमेकांच्या अंगावर ओरडून सांगा. माझ्यावर मात्र विसंबू नका. मी जाळं आहे. उघडं राहिलो तर मी पकडणारच.