उरलेला द्राक्षारस

तिने शर्टाच्या बाहीवर साबण चोळला आणि तांबूस डाग बघता बघता निळा पडला. चहाचा डाग असा पडत नाही. धुलाईच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको होतं. द्राक्षाची दारू! म्हणजे स्वारी पुन्हा मूळपदावर आली होती.

शर्ट धाकट्या भावाचा, गेल्या रविवारी चर्चला घालून गेलेला. चाळिशी उलटली तरी घरात तो बारक्याच. आई जाताना त्याचा हात हिच्या हातात देऊन गेली. त्याच्या नोकऱ्या गेल्या, शपथा हवेत विरल्या, पण हिने हात सोडला नाही. शेवटी मात्र बजावलं होतं, एक थेंब जरी घेतलास तरी हे दार तुला बंद. त्यानंतर तो गॅरेजमधल्या एका सोबत्याबरोबर चर्चला जाऊ लागला आणि चक्क सुधारला. वेळेवर कामाला जाई, पडल्या पडल्या घोरू लागे. ही मात्र डोळे टक्क उघडे ठेवून ते घोरणं ऐकत पडे. इतकं सरळ वागणं तिच्या पचनी पडत नव्हतं. नक्की काहीतरी शिजत होतं.

आजही रविवारच होता. शर्ट बादलीत टाकून तिने त्याचे कपडे पिशवीत कोंबले, पिशवी दाराशी ठेवली आणि पायात चपला सरकवल्या.

ती पोचली तेव्हा मंडळी पांगली होती. पास्टर एका म्हाताऱ्याला गाडीत बसवत होते.

"माझा भाऊ कुठाय?"

"तुम्ही बारक्याच्या ताई का? आत स्वयंपाकघरात आहे. पेले धुतोय."

"दारुड्याला दारूचे पेले धुवायला देता? शोभतं का हो तुम्हाला?"

"त्याने मागून घेतलंय ते काम," पास्टर शांतपणे म्हणाले. "प्रभुभोजनाच्या विधीत सगळे घोटभर द्राक्षारस घेतात, तो घेत नाही. पेला शेजाऱ्याकडे देतो."

मागेल नाहीतर काय, तिने मनात म्हटलं. आणि तरातरा आत न जाता चोरपावलांनी गेली. पकडायचं तर रंगेहाथ. दार किलकिलं होतं. ती फटीतून पाहू लागली.

बारक्या नळापाशी पाठमोरा उभा होता. काचेचे छोटे पेले धुऊन फडक्यावर पालथे घातले होते. मागे टेबलावर सुरई, आणि तिच्यात उरलेला द्राक्षारस, चांगला दोन-चार घोट. हातात एकच पेला. तो त्याने विसळला, पुन्हा साबण लावला, पुन्हा विसळला. पेला केव्हाच लख्ख झाला होता. सगळे जाण्याची वाट बघतोय, तिने ओळखलं. बाहेर गाडी सुरू होऊन निघून गेली. बारक्याने नळ बंद केला आणि कान देऊन ऐकलं.

आता, तिचं मन म्हणालं. आणि देवा, नको रे, असंही तेच मन म्हणालं.

"कुणी आहे का बाहेर?" त्याने मागे न वळता हाक मारली. "जरा आत या ना."

ती दार ढकलून आत गेली. तिला पाहून तो आधी दचकला, मग त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला.

"ताई! बरं झालं आलीस. तेवढी सुरई बाहेर झाडाच्या मुळाशी रिकामी कर ना. पवित्र मानतात, म्हणून उरलेला मोरीत नाही, मातीतच ओततात. नेहमी एक आजी ओततात, त्या सध्या आजारी आहेत."

"तुला हात नाहीत?"

"आहेत. म्हणून तर." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "गेल्या रविवारी मीच न्यायला गेलो. हात इतके कापले की बाहीवर सांडलं. आता हात लावत नाही."

"मग हेच काम कशाला मागितलंस, मेल्या?"

"हाताला पेला धरायची सवय आहे ना. तोच हात देवाच्या कामाला लागतोय का बघू, म्हटलं." तो थांबला. "सोडली, सोडली असं तुला सांगत आलो, ते खोटं होतं. माझ्याच्यानं नाही होत, ताई. येशूला एकदा एवढंच खरं खरं सांगितलं. तेव्हापासून थेंबही घेतला नाही, झोपही लागते. रविवार आला की वाटतं, आपली कुठेतरी गरज आहे. फक्त त्या सुरईपुढे मला एकटं सोडू नका."

शपथा तिने पोतंभर ऐकल्या होत्या. माझ्याच्यानं होत नाही, हे त्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती. यात खोट काढायची तर कुठून काढावी, तिला कळेना.

तिने सुरई उचलली. बाहेर झाडाखाली ओतली, थेंब न् थेंब. रिकामी सुरई त्याने तिच्या हातून घेतली, धुतली, पुसून फळीवर ठेवली.

"तेवढे पेले पुसतो, मग घरी जाऊ," तो म्हणाला.

ती भिंतीकडेच्या बाकावर बसली होती.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"काही नाही रे. दमलेय मी," ती म्हणाली. "खूप दमलेय." हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

 एकेक पेला पुसून बारक्या पेटीत ठेवू लागला, काचेला काच लागू न देता. भिंतीला डोकं टेकून ताईला झोप लागली होती.