व्हॅनच्या मेंदूची बाधा

पालीत रस्त्याकडेला मांडव घातला होता आणि मांडवाबाहेर रिक्षापासून डंपरपर्यंत सगळी वाहने हार घालून उभी होती. आत गर्दी इतकी की, मागच्यांना महाराजांचा फक्त फेटा दिसत होता. तेवढ्यावरही ते हात जोडत होते.

यंत्रानंद महाराज बंद पडलेली गाडी नुसत्या स्पर्शाने चालू करतात, अशी ख्याती होती. समोरच्या ताम्हणात चाव्यांचा ढीग पडे आणि दर्शन नावाचा त्यांचा शिष्य प्रत्येक चावीच्या डोक्याभोवती रक्षासूत्र गुंडाळी. हिंदूंना लाल धागा, मुसलमानांना हिरवा.

"यंत्राला धर्म नसतो!" महाराज गरजत, आणि दोन्हीकडची माणसे सारख्याच भक्तीने माना डोलवत.

महरीन सोलकर हे सारे मांडवाच्या खांबाला टेकून पाहत होती. रत्नागिरीच्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवत असे. या महाराजांबद्दल विद्यार्थ्यांकडून ऐकून तिचे कान किटले होते, म्हणून ती आज शेजारच्या सलोनीच्या व्हॅनमधून मुद्दाम आली होती. सलोनी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी भरून पालीच्या बाजारात आणी आणि तिची सासू आवडाबाई ती विकी. सलोनीचा नवरा आखातात बोटीवर होता. घर चालत होते ते या व्हॅनवर.

बाजारात जाण्याआधी चावीवर धागा बांधून घ्यावा, हा हट्ट आवडाबाईंचा. धागा बांधून झाला, आणि व्हॅन रुसली.

सलोनीने चावी फिरवली. इंजिन लागले, दोन श्वास घेतले आणि विझले. पुन्हा फिरवली. पुन्हा दोन श्वास. मागे बर्फातले बांगड्याचे क्रेट ठिबकू लागले होते.

महाराज स्वतः उठून आले. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले.

"इंजिनाचं काळीज शाबूत आहे. मेंदू गेलाय. आतला कंप्युटर! समुद्रातली छाया बसली आहे त्याच्यावर. मासळी वाहता ना?"

"मासळी तर अख्खी पाली खाते, महाराज," मागून कोणीतरी पुटपुटले. हसू पसरायच्या आत महाराजांनी त्या दिशेला पाहिले, आणि ते विरले.

दर्शनने लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली जोडली. पडद्यावर लाल अक्षरे उमटली. "ईसीएम डेड! कंप्युटर मेला!" त्याने पुकारले. गर्दीतून चुकचुकाट उठला.

"मेंदू काढून लाल फडक्यात बांधायचा," महाराज म्हणाले, "अमावास्येला खाडीत सोडायचा. नवा सिद्ध मेंदू आम्ही दक्षिणा घेऊन बसवू. आणि या पोरीने पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाईच्या हाताने छाया परत येते."

"महाराज, घरात गाडी चालवणारी तीच," आवडाबाई काकुळतीला आल्या. "दुसरा कोण नाय."

"मग गाडी विका."

सलोनीने स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. सासू काय म्हणते, याकडे तिचे डोळे लागले. आवडाबाईंनी मान खाली घातली, आणि सलोनी जे समजायचे ते समजली.

महरीन पुढे झाली आणि खिडकीतून आत वाकली. डॅशबोर्डवरच्या काट्यांमध्ये चावीच्या आकाराचा एक पिवळा दिवा भरभर लुकलुकत होता.

"दर्शन, ही लाल अक्षरं लॅपटॉपला कोणी पाठवली?"

"गाडीच्या कंप्युटरने."

"म्हणजे तो बोलतोय?"

"हो."

"मेलेला?"

दर्शनने महाराजांकडे पाहिले.

"बाई, शिक्षण वेगळं, अनुभूती वेगळी," महाराज मंद हसले.

"खरं आहे. शिक्षणात उलट प्रश्न विचारता येतो."

"ओ मॅडम, श्रद्धेच्या जागी वाद नको," मोरू नावाचा गृहस्थ आवाज चढवून म्हणाला. "माझ्या गाडीचा मेंदू गेल्या शनिवारी बदलला महाराजांनी. अर्ध्या तासात गाडी चालू! आता बोला."

"बोलते. आधी ही व्हॅन बघू. आवडाबाई, हिची दुसरी चावी आहे?"

आवडाबाईंचा हात कमरेकडे गेला. घरच्या सगळ्या चाव्यांचा जुडगा तिथे खोचलेला असे. मघाशी दर्शनने तोही ताम्हणात टाकायला सांगितला होता, तेव्हा त्या फिस्कारल्या होत्या: देवासमोरही हा जुडगा कमरेचा सुटलेला नाही, तुझ्यासमोर काय सोडू? पूजेतून एक चावी निसटली होती ती अशी.

सलोनीने ती चावी लावली. इंजिन लागले. गर्दी ते विझण्याची वाट पाहत राहिली. ते चालूच राहिले.

"छाया निघाली!" महाराजांनी हात उंचावले. "आमच्या दृष्टीने जळाली!"

"उत्तम. मग आता पहिल्या चावीनेही लागेल," महरीन म्हणाली. "लाव गं सलोनी."

दोन श्वास, आणि शांतता. दुसरी चावी: चालू. पुन्हा पहिली: बंद.

"छाया येते-जाते तीही चावी बघून," महरीन म्हणाली. तिने पहिली चावी आवडाबाईंपुढे धरली. आवडाबाईंनी मासळी कापायच्या सुरीने धागा तोडला. आतून चांदीसारखा चकचकीत कागद निघाला.

"हा जेवण गुंडाळायचा कागद," महरीनने तो सर्वांना दिसेल असा वर धरला. "चावीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. चावी लावली की गाडीचा कंप्युटर तिची ओळख विचारतो. ओळख पटली नाही, तर तो पिवळा दिवा लुकलुकतो आणि चोर समजून कंप्युटर इंजिन बंद करतो. या कागदातून ओळख पोचत नाही. कंप्युटर मेला नव्हता. तो चोख काम करत होता."

"माझा मेला होता!" मोरू ओरडला. "जुना मेंदू तिथे बांधून ठेवलाय!"

"सोडा की गाठ."

मोरूने चौरंगावरचे लाल गाठोडे उचलले. शिष्य आडवा आला, त्याला त्याने खांद्याने बाजूला केले. फडक्यातून जांभ्या दगडाचा तुकडा घरंगळला.

"नवा कंप्युटर बसवला, तर त्याला तुमची चावी ओळखायला आधी शिकवावं लागतं," महरीन म्हणाली. "ते कोणी केलं? तुमचा कंप्युटर जागचा हललाच नाही. अर्ध्या तासात बदलला तो चावीवरचा धागा, कागदवाला काढून साधा."

मोरू दगडाकडे पाहत राहिला. मग तो भडकला, आणि तोही महरीनवर. "आठवडाभर आधी यायला काय झालं होतं तुम्हाला?"

"हे सगळं खोटं आहे!" महाराजांचा फेटा तिरका झाला होता. "ही बाई नास्तिक आहे! हिच्यावर विश्वास ठेवू नका!"

"अजिबात ठेवू नका," महरीन म्हणाली. "माझ्यावर नको, यांच्यावर नको. कागद इथे आहे. करून बघा."

आवडाबाईंनी तिच्या हातून कागद घेतला. ताम्हणाशेजारी महाराजांच्या पांढऱ्या गाडीची चावी होती. ती त्यांनी गुंडाळली, शिष्याच्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "लाव मेल्या."

शंभर माणसे पाहत होती. त्याला लावावी लागली. महाराजांच्या गाडीने दोन श्वास घेतले आणि ती गप्प झाली.

"तुमच्या गाडीवर कसली छाया, महाराज?" आवडाबाईंनी विचारले.

आता मात्र हसू कोणी अडवले नाही. महाराज मांडवाच्या मागच्या बाजूला सरकू लागले. तिथे मोरू उभा होता, फोनवर पोलिसांना पत्ता सांगत. जे मघाशी हात जोडून उभे होते, ते घाईघाईने चाव्यांवरचे धागे फाडू लागले. त्यातल्या बऱ्याच धाग्यांत काहीच नव्हते. सगळ्यांचीच गाडी बंद पाडून चमत्कार होत नाही. तो निवडक माणसांवर करावा लागतो.

"गाडी बंद पडली, तर बॅटरी बघा," महरीन म्हणाली. "मग फ्यूज, मग वायरी, मग चावी. कंप्युटर बदलायची वेळ सगळ्यात शेवटी येते. छायेची येतच नाही. आणि कोणी म्हणालं की बाईच्या हाताने यंत्र बिघडतं, तर त्याला एवढंच विचारा: ते त्या यंत्राला कळतं कसं?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फसलेल्या माणसाला टाळी सुचत नाही.

सलोनी अजून हात मांडीवर घेऊन बसली होती. आवडाबाई तिच्या शेजारच्या सीटवर चढल्या आणि त्यांनी दार ओढून घेतले.

"काय बघतंस गो? बांगडा नरम पडतोय. घे गाडी."

सलोनीने गाडी घेतली.