मास्तरांचा खिसेकापू

बसमध्ये तिकीट तपासणारी मुलगी समोर येऊन उभी राहिली तेव्हा शिंपीमास्तर अगदी निर्धास्त होते. ज्येष्ठांचा पास होता, जागा खिडकीची मिळाली होती आणि सकाळचं ऊन बरोबर गुडघ्यांवर पडत होतं. त्यांनी हसून कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. मग बाहेरच्या खिशात घातला. मग पँटच्या. मग उठून उभे राहिले आणि आपल्याच सीटकडे असं रोखून पाहू लागले, जणू तिनेच पास गिळला होता.

“सावकाश बघा, काका,” ती मुलगी म्हणाली.

सावकाश बघूनही खडू निघाला, मापाची टेप निघाली, दोन बटणं आणि छोटी कात्री निघाली. पास काही निघाला नाही.

“मारला!” मास्तर म्हणाले. “पुन्हा मारला कुणीतरी!”

हे ‘पुन्हा’ समजायला मास्तरांच्या दुकानात एकदा तरी बसायला हवं. सतरा वर्षांपूर्वी बाजारातल्या गर्दीत एका खिसेकापूने त्यांचा पास लांबवला होता, आणि तेव्हापासून जे जे गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं त्या प्रत्येकाने ती गोष्ट ऐकली होती. हात वर करून उभा असलेला माणूस ऐकणार नाही तर जाणार कुठे? मास्तर त्या चोराचं कौतुकच करायचे. “एक टाका उसवला नाही हो! कोटाला साधी सुरकुती नाही. अशी सफाई आमच्या धंद्यातसुद्धा हल्ली दिसत नाही.”

त्या मुलीला मात्र गोष्टीत रस नव्हता. तिने मशीनवर बोटं चालवली आणि ‘विनातिकीट प्रवास’ असं ठळक छापलेला कागद त्यांच्या हातात ठेवला. शेजारच्या बाई सौजन्याने खिडकीबाहेर पाहू लागल्या, आणि ते सौजन्यच मास्तरांना जास्त झोंबलं. उतरल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी कागद चष्मा लावून वाचला. दहा दिवसांत मूळ पास परिवहन कार्यालयात आणून दाखवला तर नोटीस रद्द. न दाखवल्यास पुढचं पत्र पासावर नोंदलेल्या पत्त्यावर जाईल.

ते वाचून मास्तरांनी कागदाची घाईघाईने घडी करून तो खिशात कोंबला. पासाचा फॉर्म लेकीने भरला होता आणि पत्ता तिच्या घरचा होता.

लेकीला सगळे फौजदार म्हणत. पोलिसात नव्हती ती, एका छापखान्यात हिशेबनीस होती; पण नजर फौजदाराची. बापाच्या दोन चुका तिने पकडल्या होत्या. पहिली, इस्त्री चालू ठेवून मास्तर चहाला गेले आणि टेबलावरचं कापड जळून त्रिकोणी भोक पडलं. दुसरी, दुकान रात्रभर उघडं राहिलं. चोरीला काही गेलं नाही, तरी फौजदार हादरली होती. “बाबा, तुम्ही सदुसष्ट वर्षांचे झालात,” ती म्हणाली होती, “तुम्ही एकटे, आणि तिथे इस्त्री, कात्र्या, कापडाचे गठ्ठे. आता एकदा जरी असा विसरभोळेपणा झाला, तर दुकान बंद करायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. शब्द द्या.” मास्तरांनी मोठ्या ऐटीत शब्द दिला होता. पुन्हा चूक व्हायचीच नाही, अशी त्यांची खात्री होती.

लेकीकडे राहायचं म्हणजे काही हाल नव्हते. जावई सज्जन, खोली उजेडाची. पण सकाळी उठून जायचं कुठे? दुकानातल्या त्या लांब टेबलाशी उभं राहिलं की मास्तरांचे दुखणारे गुडघे दुखायचे थांबत. हे डॉक्टरला सांगून पटलं नसतं, पण होतं खरं.

दुकान उघडून ते कामाला लागले. एका जाकिटाचा आतला खिसा पुरा झाला होता, आणि सवयीने त्यांचा हात स्वतःच्या छातीशी गेला.

तिथेच ते थांबले.

खिसा शिवून झाला की मास्तर स्वतःचा पास त्यात सरकवून बघत. कार्ड अर्ध्यात अडकतं, अशी एका गिऱ्हाइकाने फार वर्षांपूर्वी तक्रार केली होती, तेव्हापासूनची ही सवय. पास सहज आत गेला, सहज बाहेर आला, की खिसा पास. मग खिशाचं तोंड कच्च्या टाक्यांनी बंद करायचं. नव्या कोटाचे खिसे असे बंद करूनच द्यायचे असतात, म्हणजे घडी मोडेपर्यंत ते लोंबत नाहीत. गिऱ्हाइकाने घरी जाऊन दोरा ओढला की खिसा मोकळा.

पास आत गेला होता. बाहेर आलाच नव्हता. आणि वर मास्तरांनी आपल्या हाताने टाके घातले होते.

“वा रे वा,” ते स्वतःलाच म्हणाले आणि कपाळाला हात लावून स्टुलावर बसले.

गेल्या आठवड्यात तीन कोट दुकानातून गेले होते. एक दाताच्या डॉक्टरांचा, एक शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा, आणि तिसरा, नको तेच नेमकं, जावईबापूंचा.

डॉक्टरांनी खिसा केव्हाच उघडून त्यात पेन अडकवलं होतं. मास्तर आलेच आहेत तर त्यांची दाढ बघून घेऊ, असा त्यांनी आग्रह धरला, आणि मास्तरांना तोंड उघडं ठेवल्याशिवाय सुटका नव्हती. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं की माप देताना गिऱ्हाइकांना कसं वाटत असेल. मुख्याध्यापिकाबाईंनी खिसा उघडलाच नव्हता. “मला वाटलं, शोभेचा आहे,” त्या म्हणाल्या. मास्तरांनी ‘शोभेचा’ हा शब्द कसाबसा गिळला, कात्रीने तीन टाके कापले, आत बोटं घातली. आत काही नव्हतं.

राहिला जावईबापूंचा कोट. तो लेकीच्या कपाटात होता, म्हणजे फौजदाराच्या चौकीतच.

रविवारी मास्तर तिच्याकडे जेवायला गेले. जेवण झालं, जावईबापू बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले, लेक भांडी आवरत होती. “जरा हात धुऊन येतो,” म्हणून मास्तर उठले आणि पाय न वाजवता झोपायच्या खोलीत शिरले. कपाट उघडलं. कोट बाहेर न काढताच त्यांनी आतली बाजू उलटली, कात्री लावली, एक टाका, दोन टाके, आणि खिशातून प्लॅस्टिकचा ओळखीचा कोपरा डोकावला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

“बाबा?”

लेक दारात उभी होती. हातात ओलं फडकं. बाप नवऱ्याच्या नव्या कोऱ्या कोटाला कात्री लावून उभा आहे, हे दृश्य तिने डोळे भरून पाहिलं. तिचा चेहरा इतका उतरला की मास्तरांना काही थाप सुचेनाच. खरं म्हणजे थापा त्यांनी दोन तयार ठेवल्या होत्या.

“बस,” ते म्हणाले. “सांगतो.”

बिछान्याच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं. खिशातली नोटीस काढून दाखवली. ती चिडेल असं त्यांना वाटत होतं. ती चिडली नाही, नुसती नोटीस पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

“पास सापडला ना,” शेवटी ती म्हणाली.

“सापडला. पण विसरलो ते विसरलोच. शब्द दिला होता.” मास्तरांनी जुडग्यातून दुकानाची किल्ली काढायला घेतली. कडं घट्ट होतं, नख तुटलं, पण त्यांनी मदत मागितली नाही. किल्ली तिच्या मांडीवर ठेवली. “ही घे.”

तिने किल्ली उचलली नाही आणि परतही केली नाही. “आधी ते ऑफिस उरकू,” ती म्हणाली. “मी येते बरोबर.” मग उठताना किल्ली तिच्या मुठीत होती, आणि ती पाहून मास्तरांना फार वाईट वाटलं. सदरा काढून घेतल्यासारखं उघडं उघडं वाटलं.

पुढचे तीन दिवस त्यांनी घरी बसून काढले. दुकानाच्या दारावर ‘बंद’ची पाटी लावायला लेकच गेली होती.

गुरुवारी हवा चांगलीच गार होती. परिवहन कार्यालयाच्या दाराशी लेक भेटली तेव्हा तिच्या अंगात जुना निळा कोट होता. तिला पहिली नोकरी लागली तेव्हा मास्तरांनी शिवून दिलेला. मास्तरांनी सवयीने खांदे पाहिले. खांदे अजून जागच्या जागी होते, आणि त्याही अवस्थेत त्यांना थोडं बरं वाटलं.

खिडकीपाशी चौकोनी चष्म्याचे एक कारकून होते. त्यांनी पास घेतला, नोटिशीशी ताडून पाहिला, तारीख पाहिली. “पास तर चालू आहे की! मग त्या दिवशी दाखवला का नाही?”

“शिवून टाकला होता,” मास्तर म्हणाले.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. मग सगळी हकीकत सांगणं आलं. सवय, पास, कच्चे टाके, तीन कोट, दाढ. रांगेतले लोकही पुढे सरकून ऐकू लागले, आणि किल्ली गेल्याचं दुःख असूनही मास्तरांना रंग चढला. कारकून हसत हसत शिक्का शोधू लागले. “म्हणजे आतले ते खिसे उघडायचे असतात? मी इतकी वर्षं समजत होतो, खोटेच असतात.”

“मीसुद्धा,” लेक म्हणाली. “माझ्या या कोटाचा पण खोटाच आहे.”

मास्तर गर्रकन वळले. “खोटा? मी शिवलेल्या कोटाला खोटा खिसा?”

“बाबा, अहो, शिवलेला आहे तो. सतरा वर्षं मी पर्सच वापरते.”

“इकडे ये.”

“इथे?”

“इथेच!” विनातिकीट म्हटलेलं मास्तरांनी एक वेळ सोसलं होतं, हे सोसणं शक्य नव्हतं. भर रांगेत त्यांनी लेकीच्या कोटाची कड उलटली, कात्री काढली आणि सतरा वर्षांचा दोरा कट् कट् कापला. “घाल हात. घाल! आणि सांग यांना, खोटा आहे का ते.”

लेकीने हात घातला. तिच्या कपाळाला आठी पडली. “काहीतरी आहे. मला वाटायचं, आतलं कडक कापडच आहे हे.”

तिने दोन बोटांत धरून बाहेर काढला तो पास होता. पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकमधला, जुन्या पद्धतीचा, जाड पुठ्ठ्याचा. फोटोतल्या माणसाच्या मिशा काळ्याभोर होत्या आणि चेहऱ्यावर भलताच आत्मविश्वास होता. खाली साल होतं. लेकीने ते वाचलं, फोटो पाहिला, मग समोरच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं.

बाजारातली ती गर्दी, ते सफाईदार बोट, न उसवलेला टाका, सतरा वर्षं शेकडो गिऱ्हाइकांना हात वर करायला लावून ऐकवलेली ती कहाणी, सगळं मास्तरांच्या डोळ्यांसमोरून गेलं. टाका उसवणार तरी कसा?

“तेव्हा तुम्ही पन्नाशीचे होतात,” लेक हळूच म्हणाली.

“हो.”

“आईने त्या पासासाठी सगळं घर उलटंपालटं केलं होतं.”

“केलं होतं,” मास्तर खाली मान घालून म्हणाले. “मीच तिला म्हणालो, खिसेकापूच होता. मी काय विसरणारा माणूस आहे का?”

लेकीच्या ओठांचा कोपरा थरथरला. तिने तोंडावर हात ठेवला, पण उपयोग झाला नाही. फौजदार हसायला लागली, आणि अशी हसली की तिला खिडकीच्या कठड्याला धरावं लागलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, आणि ते मास्तरांना कळलं.

“मी समजत होते, तुम्हाला वयामुळे होतंय,” ती डोळे पुसत म्हणाली. “रात्र रात्र झोप नव्हती मला, बाबा. आणि तुम्ही तर पहिल्यापासूनच असे आहात!”

“पहिल्यापासूनच,” मास्तरांनी ताबडतोब कबूल केलं. आयुष्यात कुठलाही दोष त्यांनी इतक्या आनंदाने पदरात घेतला नव्हता.

कारकुनाने नोटिशीवर ‘रद्द’चा शिक्का मारला, नवा पास परत दिला आणि जुना हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “हा मात्र आता चालणार नाही हं, मास्तर.”

“तो माझ्याकडे द्या,” लेक म्हणाली. तिने तो पास आपल्या नव्याने उघडलेल्या खिशात सरकवला. सहज आत गेला. मग पर्स उघडून तिने दुकानाची किल्ली काढली, मास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून दोनदा थोपटली.

“इस्त्रीला मात्र आपोआप बंद होणारं बटण बसवायचं,” ती म्हणाली. “आणि रोज संध्याकाळी कुलूप लावलं की मला फोन.”

“बसवू. करीन,” मास्तर म्हणाले.

बाहेर सात नंबरची बस उभीच होती. चढताना मास्तरांनी खिसा चाचपला. पास होता, किल्ली होती. दुकानात एक जाकीट तीन दिवस खोळंबलं होतं, आणि त्याचं गिऱ्हाईक दुपारी ते अंगावर घालून बघायला येणार होतं. त्याला सांगायला आता नवी गोष्ट लागणार होती, आणि ती जुनीपेक्षा चांगली होती.