कानस लागलेली पोलंडची राणी

शपथ घेऊन सांगते मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या आईची शपथ. माझी आई म्हणजे तो पोलादी ठसा, ज्याच्या पोटातून मी बाहेर पडले. ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्यानं आत्ताच उठून जावं, कारण अविश्वास या गोष्टीचा मला आता वीट आला आहे.

मी एक जुनं नाणं आहे. पोलंडचं, चांदीचं. लोक मला ‘ते’ म्हणतात, पण माझ्या पाठीवर गरुड आहे आणि पुढे राणीचं तोंड. बोलायचं तर तोंडानंच बोलावं लागतं, म्हणून मी बाईसारखी बोलते. आणि ही बाई सध्या भयंकर चिडलेली आहे.

माझा जन्म पोलंडच्या टांकसाळीत झाला. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत भट्टीची अशी धग, की कारागिरांच्या मिशांची टोकं करपायची. ठसा वरून दाणकन आला आणि एका दणक्यात मला नाक, डोळे, वेणी, मुकुट, सगळं मिळालं. माझ्यामागून आणखी चार बहिणी पडल्या. सहावीच्या वेळी ठसा उभा चिरला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मुख्य कारागीर जागच्या जागी मटकन बसला आणि म्हणाला, “असा ठसा परत होणे नाही.” तेव्हा मित्रांनो, जगात आम्ही पाचच. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुढे मी कुठे कुठे फिरले ते सांगत बसले तर तुम्ही म्हातारे व्हाल. शेवटी मी एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या कोटाच्या अस्तरात येऊन पडले. तो कोट बाहीपासून फाटला आणि तो घेऊन स्वयंपाकी एका शिंप्याच्या दुकानात शिरला.

दुकान चिंचोळं. दारात बिनडोक्याचा एक पुतळा, कायम दुसऱ्याचा कोट घालून उभा. आत पायाचं शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल, कोळशाची इस्त्री. शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलायचे, आणि बोलायचे तर खूपच. त्यांची बायको मागच्या स्टुलावर बसून काजं करायची. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत.

स्वयंपाक्याला मास्तरांची भाषा येईना, मास्तरांना त्याची. बाही शिवून झाली तसं त्यानं अस्तरातून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग त्यानं मास्तरांचा खडू उचलला. माझ्याभोवती एक गोल काढला, खडू कटकन मधोमध मोडला, हाताची पाच बोटं दाखवली, छातीवर हात ठेवला आणि निघून गेला. परत काही तो आला नाही.

मास्तरांना सगळं लख्ख कळलं. गोल म्हणजे नाणं. खडू मोडला म्हणजे ठसा मोडला. पाच बोटं म्हणजे जगात पाच. छातीवर हात म्हणजे जिवापाड जप.

त्या दिवसापासून जे गिऱ्हाईक माप द्यायला यायचं त्याला मास्तर ही गोष्ट सांगायचे. हात वर करून उभा असलेला माणूस पळणार कुठे? गोष्ट संपताना मास्तर दरवेळी एक खडू मोडायचे. दुकानात एकही अख्खा खडू नसे. लोकांनी त्यांचं नाव पोलंडमास्तर ठेवलं. निम्मे लोक थट्टेनं म्हणायचे, पण मास्तरांना ते पदवीसारखं वाटायचं.

आणि मी नुसती मिरवायला नव्हते, मित्रांनो. मी काम केलं आहे. कोटाच्या खिशावर झाकण असतं, त्याचे खालचे कोपरे गोल असतात. तो गोल मास्तर माझ्या कडेवरून काढायचे. मला कापडावर ठेवायचं, बोटानं दाबायचं, खडू फिरवायचा. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक चांगल्या कोटाच्या खिशाला माझा गोल आहे. शाळामास्तर, दात काढणारा डॉक्टर, नवरदेव, सगळे माझी कड मिरवत हिंडायचे. माझा रंग तेव्हा सावळा होता. चांदी हाताळून हाताळून सावळी होते आणि त्या सावळेपणात राणीची वेणी अशी उठून दिसायची की बघत राहावं.

आता येतो तो. त्याचं नाव काढलं तरी माझी कड शिवशिवते.

मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ नोकरीतून मोकळा झाला आणि त्यानं बाजारातून एक भिंग आणलं. बस. त्या दिवसापासून त्याला जगात काही खरं दिसेना. पाव आणला की भिंगातून बघायचा. बसचं तिकीट भिंगातून बघायचा. मुलं त्याला भिंगमामा म्हणू लागली. आणि एक दिवस भिंगमामा दुकानात येऊन म्हणाला, “दाजी, राग मानू नका, पण एकदा खात्री केलेली बरी.”

“कशाची?” टाचण्यांमधून मास्तर.

“पोलंडची.”

“पोलंड आहे की जागच्या जागी.”

“तसं नाही हो. तो माणूस खडू मोडून काय म्हणाला हे तुम्हाला कसं कळलं? कदाचित म्हणाला असेल, नाणं ठेवा, पाच मिनिटांत पैसे घेऊन येतो.”

“मग खडू कशाला मोडला?”

“तुमचे खडूच कच्चे असतील.”

मास्तर हसले. मी हसले नाही. मला तेव्हाच कळलं, हा माणूस आपल्या मुळावर आला.

त्यानंतर काय सोसलं ते ऐका. मास्तर दुपारी टेबलाखाली आडवे झाले, की मामा मला उचलायचा. पहिल्यांदा त्यानं मला चावून पाहिलं. दात कवळीचे. कवळीला तडा गेला आणि म्हणाला, “फारच टणक आहे, संशयास्पद आहे.” लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटले नाही, तर म्हणे पितळही चिकटत नाही. फरशीवर आपटून आवाज ऐकला. म्हणे बोदा आहे. अरे, राणीला फरशीवर आपटल्यावर ती काय गाणं म्हणेल? एकदा मला रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. माझा सावळा रंग उतरला, मी भांड्यासारखी पांढरीफटक पडले, तर म्हणाला, “बघा, जुनं नाणं इतकं नवं कसं दिसेल?”

आणि मग कानस. खिळ्याला कात्रीची धार लावायची कानस टांगलेली होती. मामानं ती घेतली आणि माझ्या कडेवर चालवली. खर्र, खर्र. आत तांबं दिसतंय का बघायला. तांबं दिसलं नाही. पण माझी कड एका जागी सपाट झाली, कुणी बिस्किटाचा चावा घ्यावा तशी. मामानं बोटानं चुरा पुसला, मला जागेवर ठेवलं आणि इतका साळसूद चेहरा केला की पुतळ्यालासुद्धा जमणार नाही.

पुढच्या आठवड्यात तो मास्तरांना जुन्या नाण्यांच्या दुकानात घेऊन गेला. मास्तरांनी त्यासाठी स्वतःचा ठेवणीतला कोट घातला होता. मला खिशात ठेवलं, माझ्याच गोलाच्या झाकणाखाली.

दुकानदारानं मला उलटीपालटी केली आणि कडेवर थांबला. “पोलंडचं दिसतंय खरं. पण अशा नकला ढिगानं मिळतात. ही कड बघा, घासलेली आहे. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याला कडेनं सांधा येतो. तो लपवायला घासतात.”

“म्हणजे?” मास्तर म्हणाले.

“म्हणजे तुम्हाला कुणीतरी बनवलं. खात्रीच करायची तर भोक पाडून आत बघा. पण माझं विचाराल तर, मुलांना खेळायला द्या.”

मित्रांनो, भिंगमामा तिथेच उभा होता. हाताच्या अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, ‘कड मी घासली.’ तो छताकडे बघत राहिला. मी तिथे काचेवर पडून किंचाळत होते, पण नाण्याचं किंचाळणं कुणाला ऐकू येतं?

मास्तर घरी आले आणि गप्प झाले. नुसते गप्प नव्हे, कोरडे. गिऱ्हाईक यायचं, हात वर करायचं, मास्तर माप घ्यायचे, गिऱ्हाईक जायचं. खडू अख्खे राहू लागले. शेजारचा पावभट्टीवाला एकदा दारातून ओरडला, “काय पोलंडमास्तर, पोलंड काय म्हणतंय?” तर मास्तरांनी मान वर केली नाही. शिवण तिरकी जाऊ लागली. त्यांना वाटू लागलं होतं, की आपण जन्मभर सगळ्या रस्त्याला थापा मारल्या आणि लोक आपल्याला हसत होते.

आणि मी? मशीनचा एक पाय डगमगायचा, त्याच्याखाली मला सारलं. काल राणी, आज पाचर. माझं वजन तेच, तोंड तेच, गरुड तोच. बदललं काय? एका माणसाचं मत. वर मशीन चालायचं आणि प्रत्येक टाका माझ्या नाकावर बसायचा. मी मोजले नाहीत, पण एकही विसरलेले नाही.

मास्तरीणबाई सगळं बघत होत्या. रात्रीच्या जेवणाला त्या काहीबाही विचारायच्या, मास्तर मान हलवायचे. एकदा त्या म्हणाल्या, “अहो, थाप तर थाप, पण बोला तरी.” मास्तर उठून हात धुवायला गेले.

असे बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी भिंगमामा गिरमिट घेऊन आला. सुताराकडून मागून आणलेलं.

“दाजी, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. तुमच्या मनाला लागलंय ते. बारीकसं भोक पाडतो. आत चांदी निघाली तर उत्तमच.”

मास्तरांनी समोरचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाले, “पाड.”

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

मास्तरीणबाईंनी वाकून मला मशीनखालून काढलं. पदरानं पुसलं. उजेडात धरलं आणि माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा सपाट जागेवर थबकला. जन्मभर खिशाचे गोल कोपरे हाताखालून गेलेली बाई ती.

“ही कड अशी नव्हती,” त्या म्हणाल्या. “कुणी घासली?”

मामानं चष्मा काढला आणि पुसायला लागला.

“भिंग्या, तुला विचारतेय.”

“एवढीशीच घासली होती, ताई. आत तांबं दिसतंय का बघायला.”

“दिसलं?”

“नाही.”

“मग दुकानात का नाही बोललास?”

“तो इतक्या खात्रीनं बोलत होता. मला वाटलं, दुकानदार आहे, त्याला जास्त कळत असेल.”

“आणि ह्यांनी मान खाली घातली तेव्हा काय वाटलं?”

मास्तरांच्या तोंडातून एक टाचणी टेबलावर पडली.

मास्तरीणबाईंनी शांतपणे हात पुढे केला. “दे ते गिरमिट. आणि शर्ट वर कर. तू माझा सख्खा भाऊ आहेस का ते आत भोक पाडून बघते. एकदाची खात्री केलेली बरी.”

मास्तरांच्या तोंडून आधी नुसता फुसकन आवाज आला. मग मास्तर इतके हसले की उरलेल्या टाचण्या थुंकाव्या लागल्या. मामाही हसायला लागला तसं मास्तरीणबाई म्हणाल्या, “तू हसू नकोस. तू उद्या त्या दुकानदाराकडे जाऊन सांगायचंस, कड कुणी घासली ते. ह्यांच्यासमोर.”

“सांगतो, ताई. पण दाजी, याचा अर्थ नाणं खरं ठरलं असा नाही हं. फक्त खोटं ठरलेलं नाही.”

“तेवढं पुरे,” मास्तर म्हणाले. त्यांनी मला हातात घेतलं. “खरं असेल तर खऱ्याला भोक पडेल. खोटं असेल तर खोट्याला भोक पाडून कुणाचं भलं होणार आहे? ते गिरमिट सुताराला देऊन ये.”

मग त्यांनी समोर पडलेल्या कोटाच्या कापडावर मला ठेवलं, बोटानं दाबलं आणि खडू फिरवला. सपाट जागी रेघ घसरली. मास्तरांनी मला थोडंसं फिरवलं. “या अंगानं अजून गोल आहे,” ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामानं दुकानदाराला सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाला, मग आता नक्की काहीच सांगता येणार नाही, पण अशी घासलेली वस्तू खरी असली तरी तिला पूर्वीची किंमत नाही. म्हणजे बघा. ज्यानं खरेपणा शोधला त्यानंच माझी किंमत खाल्ली. मास्तर मात्र परत येताना पावभट्टीवाल्यापाशी थांबले आणि माप न घेताच त्याला अख्खी गोष्ट सांगितली. मोडायला खडू नव्हता, म्हणून त्याचाच एक पाव मोडला.

मामाला मी माफ केलेलं नाही. तो अजून येतो, मला बघून नमस्कार करतो, मी तोंड फिरवते. नाण्याला तोंड फिरवायला तोंडावर पडावं लागतं, तेही मी करते. तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर शंका घ्यायची तर जरूर घ्या, शंकेला माझी ना नाही. पण हातात कानस घेऊ नका. आणि चूक झालीच तर छताकडे बघू नका, तोंडानं सांगा. वस्तूची कड परत वाढत नाही. माणसाचं बोलणं एखाद्या वेळी परत येतं, तेही त्याची बायको खमकी असेल तरच.

एक राहिलं. ती टांकसाळ, तो बर्फ, ती करपलेली मिशी, चिरलेला ठसा. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जन्म कुणाला आठवतो, तुम्हाला तरी आठवतो का? मला आठवतं ते अस्तरातल्या अंधारापासून. बाकीचं सगळं मास्तरांच्या तोंडून ऐकलेलं, इतक्यांदा की आता बर्फानं अंगावर काटा येतो. मी साच्यातली असेन किंवा ठशातली, मला माहीत नाही. शपथ घेतली ती ज्या आईची, तीच आहे की नाही कोण जाणे. पण मास्तर सांगतात तर असेल.