डावी बाजू मोकळी

"हितं कोणच न्हाय. मी राखू तर कुणाला राखू?"

जुळे सोलापूरच्या संघातली ती उंच पोर माझ्या कानाशीच पुटपुटत होती. मी रेषेजवळ पाण्याचा कॅन घेऊन बसलेली. पुटपुटत होती, पण जागा सोडत नव्हती. मधूनच मान वळवून मागे बघायची.

खरंच तिथे कुणी नव्हतं. आमच्या मंद्रूपच्या दहाच पोरी मैदानात होत्या. डाव्या कडेची जागा ऋतुजाची. श्रावणात तिला ताप आला, जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं, त्यानंतर ती मैदानावर आली नाही. पुढच्या सरावाला शिवयोगी सर एवढंच म्हणाले, "डावी बाजू मोकळी ठेवा. ऋतुजाची हाय ती." पोरींनी माना हलवल्या. मीही हलवली. मी शाळेत खिचडी शिजवते; मुलींच्या संघाबरोबर एखादी बाई लागते म्हणून मला नेतात. फुटबॉलमधलं मला काय कळतंय.

सर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. कुठला भाग कधी दगा देईल आणि मग काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवणारा माणूस. सामन्याचंही तसंच. चादर अंथरायची, तिच्या चौकटींवर सोड्याच्या बाटल्यांची बुचं मांडायची, प्रत्येक बुचावर एका पोरीचं नाव. शिवाय वही. वारा उलटा असला तर, गोलकीपर पडली तर, एक गोल मागे असलो तर. बुचं अजून अकराच मांडत.

आणि आम्ही जिंकत होतो, हीच पंचाईत. मोकळ्या डाव्या बाजूला मारलेला चेंडू बाहेर जायचाच नाही. रेषेवर येऊन थांबायचा, कुणी पाय लावल्यासारखा. समोरच्या पोरी तिकडे जायला बिचकायच्या. सामन्यानंतर जर्सी मी धुते. ऋतुजाची अकरा नंबरची पिशवीतून बाहेर निघत नसे, तरी तिच्या काखेत घामाचा वास असायचा. मी साबण जरा जास्त लावायचे.

आज हाफटाइमनंतर त्यांच्या सरांनी त्या उंच पोरीला मध्यावर बोलावून घेतलं. तिथेच आमचं बिघडलं. बघता बघता आमच्यावर दोन गोल झाले. हरलो की स्पर्धा संपली, आणि दहावीच्या पोरींना पुढच्या वर्षी संघ नाही. त्यातलीच एक धनलक्ष्मी. पाच सामने बुटाच्या नाड्या घट्ट बांधून माझ्या शेजारी बसून राहिलेली.

आमच्या एका पोरीने डावीकडे एक लांब चेंडू मारला. सगळ्या थांबून बघत होत्या. चेंडू रेषेवर आला, जरासा रेंगाळला, आणि हळूच बाहेर गेला. पहिल्यांदाच.

सरांनी वही उघडली. पान सापडलं, पण ते वाचेनात. मी वाकून बघितलं. त्यांच्याच अक्षरात जूनमध्ये लिहिलेलं होतं: ऋतुजा दमली तर धनलक्ष्मी.

धनलक्ष्मी उठून उभी राहिली.

"बस खाली," सर म्हणाले. "ऋतुजा दमत न्हाय."

"सर, धाच मिन्टं राहिली की," मी म्हणाले.

"दमली असती तर सांगितलं असतं तिनं. न सांगता कशी काढू तिला भाईर?"

चादरीच्या कडेला ऋतुजाची आई बसली होती, सोनाबाई. प्रत्येक सामन्याला यायच्या, पोरींना शेंगा वाटायच्या, आणि सगळा वेळ बुचांकडे बघत राहायच्या. त्यांनी हात लांबवून डाव्या कडेचं बूच उचललं, पदराला पुसलं, मुठीत धरलं.

"दमली न्हाय, सर," त्या म्हणाल्या. "माझी ऋतुजा मेली. ह्या पोरीला आत सोडा."